मोफत उपचारांचा न दिसणारा खर्च

शस्त्रक्रिया विनामूल्य असली, तरी गरीब रुग्णाला ती फुकट पडत नाही. बसभाडे, सोबतच्या नातलगाचे जेवणखाण, दोघांची बुडालेली मजुरी. हा हिशेब कोणत्याही पावतीवर नसतो.

तमिळनाडूतील मदुराई येथे डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी शासकीय सेवेतून निवृत्त झाल्यावर १९७६ साली अवघ्या ११ खाटांचे अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केले. ऐपत असलेल्यांच्या शुल्कातून इतरांवर विनामूल्य उपचार करावेत, ही त्यामागील योजना. परंतु गावोगावच्या शिबिरांत मोतीबिंदू आढळलेले अनेक जण शस्त्रक्रियेसाठी येईनात. केवळ शुल्कमाफी पुरेशी नाही, हे तेव्हा ध्यानात आले. शिबिरातून रुग्णांना बसने रुग्णालयात नेणे, त्यांची राहण्या-जेवणाची सोय करणे आणि परत पोहोचविणे, हाही मग उपचारांचाच भाग मानला गेला.

प्रश्न उरला तो कृत्रिम भिंगाचा. आयात भिंग परवडत नसल्याने गरिबांना जाड चष्म्यावर भागवावे लागे. तो फुटला की पुन्हा सारे धूसर! १९९२ मध्ये ऑरोलॅब या संलग्न संस्थेने मदुराईतच भिंगांचे उत्पादन सुरू केले आणि ती कितीतरी स्वस्त झाली. या रुग्णालयात शुल्क भरणाऱ्यांच्या खोल्या वेगळ्या असतात. डॉक्टर मात्र दोन्ही विभागांत आळीपाळीने तेच असतात.