ओल्या ब्लॉकची गाडी

साच्यातून नुकताच बाहेर पडलेला सिमेंटचा ब्लॉक दिसायला अगदी पुरा असतो. कडा धारदार, बाजू सपाट, कोपरे काटकोनात. लांबून बघणाऱ्याला वाटेल, उचलावा आणि भिंतीला लावावा. पण कोपऱ्यावर अंगठा टेकवून जरा दाब दिला की कोपऱ्याचा चुरा होतो, आणि दोन्ही हातांनी उचलायला गेलं तर ब्लॉक मधोमध दुभंगतो. वजन मात्र आधीपासूनच पुरं असतं. 400 × 200 × 150 मिलिमीटरचा भरीव ब्लॉक 26 किलोच्या आसपास भरतो. असे चार ब्लॉक एका फळीवर घेऊन मशीनपासून यार्डात न्यायचे आणि एकाचीही कड न उडवता खाली टेकवायचे, हे काम ज्या दोन चाकांच्या लोखंडी गाडीवर चालतं तिला कारखान्यात सगळे नुसतं ‘ट्रॉली’ म्हणतात.

ब्लॉकचा कारखाना काढणारा माणूस प्रेसबद्दल तासभर बोलतो. हायड्रॉलिकचा दाब किती, तासाला माल किती, मिक्सर पॅनचा की साधा, सगळं त्याला तोंडपाठ असतं. ट्रॉली कोटेशनच्या शेवटच्या ओळीत येते, नाहीतर गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून अँगल आणि पाइप जोडून घेतली जाते. त्यात गैर काही नाही. गैर आहे ते तिच्याकडे दुर्लक्ष करणं, कारण प्रेसनं कमावलेली ताकद हातात राहते की वाटेत सांडते, हे पुढच्या मिनिटभरात ट्रॉलीच ठरवते.

हे समजायला ओला ब्लॉक उभा कशावर राहतो ते बघावं लागतं. ब्लॉकचं मिश्रण स्लॅबच्या काँक्रीटसारखं वाहतं नसतं. त्यात पाणी जेमतेम असतं. मिक्सरवरचा माणूस मूठभर माल घट्ट दाबतो. लाडू वळला आणि तळहात ओला झाला नाही, की पाणी बरोबर आहे. हा माल साच्यात पडतो, वरून दाब येतो आणि खालून व्हायब्रेटर थरथरतो. व्हायब्रेटरची मोटर मिनिटाला सुमारे 2800 फेरे घेते. त्या थरथरीत खडी, कच आणि सिमेंटचे कण एकमेकांच्या फटींत बसतात, हवा निघून जाते, आणि साचा वर उचलला की ब्लॉक आपल्या पायावर उभा राहतो. सिमेंटनं मात्र अजून कामाला सुरुवातही केलेली नसते. भारतीय मानकाप्रमाणे साध्या सिमेंटला घट्ट होऊ लागायला किमान 30 मिनिटं द्यावी लागतात. तोवर ब्लॉकला धरून ठेवतात ते फक्त कणांचे एकमेकांत अडकलेले कोपरे आणि त्यांच्यामधला पाण्याचा पातळ पापुद्रा.

आता हा ब्लॉक खडबडीत जमिनीवरून न्यायचा. ज्या थरथरीनं तो घडवला, तीच थरथर वाटेत पुन्हा लागली तर त्याला मोडते. साच्यात असताना चारी बाजूंच्या पोलादी भिंती कणांना आवरून धरत होत्या. आता बाजू मोकळ्या आहेत. धक्का बसला की कण पुन्हा हलतात आणि या वेळी बाहेरच्या बाजूला सरकतात. ब्लॉकचा बुडखा फुगतो, उंची एक-दोन मिलिमीटरनं कमी होते, पोकळ ब्लॉक असेल तर पातळ पडद्यात केसाएवढी भेग जाते. ही भेग त्या क्षणी दिसतही नाही. पुढे 14 दिवस पाणी मारलं तरी ती सांधून येईल याचा भरवसा नाही. मानक ब्लॉकच्या लांबीत 5 मिलिमीटर आणि उंची-रुंदीत 3 मिलिमीटर इतकीच घट-वाढ चालवून घेतं. प्रेसचा साचा एवढा नेमका असतोच, त्यामुळे फरक पडला तर बऱ्याचदा तो साच्याच्या बाहेर, वाहतुकीत पडलेला असतो.

ट्रॉलीची घडण या गरजेतून आली आहे. पोती वाहायची दोन चाकी गाडी सगळ्यांनी पाहिलेली असते: पोतं तळाच्या पत्र्यावर उभं करायचं, गाडी मागे कलवायची, पोतं पाठीच्या चौकटीवर रेलतं. ओला ब्लॉक कशावरही रेलू शकत नाही. ज्या बाजूवर रेलेल ती बाजू ढासळेल. म्हणून ब्लॉकच्या ट्रॉलीला पाठ नसतेच म्हटलं तरी चालेल. पुढे आलेले दोन लोखंडी दाते असतात, मागे लांब दांडा, आणि मधे आस. ब्लॉक ज्या फळीवर घडलेला असतो, तिच्या खाली दोन पट्ट्या ठोकलेल्या असतात, म्हणजे फळी आणि जमीन यांत बोट-दोन बोटं जागा राहते. त्या फटीत दाते सरकवायचे, दांडा खाली दाबायचा, फळी उचलली जाते. ब्लॉकला हात लावायचाच नाही, हा नियम. जो काही स्पर्श तो फळीला.

दांडा दाबल्यावर फळी उचलली जाते तशी किंचित कामगाराच्या बाजूला कलतेही. हा कल जेवढा कमी तेवढं बरं. म्हणून जाणता फॅब्रिकेटर फळी दोन-तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त वर येऊ देत नाही. जमीन सुटली, बास. जिथे पैसा आहे तिथे हायड्रॉलिक ट्रॉली असते, ती फळी आडवी ठेवूनच वर घेते. पण साध्या तरफेची ट्रॉलीही चांगल्या हातात उत्तम काम करते. चार ब्लॉक आणि फळी मिळून 110 किलो धरू. त्यांचा भारमध्य आसाच्या पुढे 20 सेंटिमीटरवर आणि दांड्याची मूठ मागे 120 सेंटिमीटरवर असेल, तर हातानं द्यायचा दाब सुमारे 18 किलोचा. दाते पूर्ण आत न घालता घाईनं अर्धवट उचललं आणि भार 10 सेंटिमीटर पुढे राहिला, की तोच दाब 27 किलोवर जातो. नवखा माणूस दिवस मावळेपर्यंत थकतो आणि जुना थकत नाही, यातला बराचसा फरक या 10 सेंटिमीटरचा आहे.

जुन्या माणसाचं काम जवळून बघण्यासारखं असतं. मशीनमधून फळी बाहेर सरकते तेव्हा तो आधीच तिच्या समोर, दोन्ही चाकं सारख्या अंतरावर ठेवून उभा असतो. दाते आत जाताना फळीला घासत नाहीत. उचलताना त्याची मनगटं नाही, अंगाचा भार खाली जातो, त्यामुळे झटका बसत नाही. निघताना पहिलं पाऊल लहान पडतं. वळण तो मोठं घेतो, जागच्या जागी गाडी फिरवत नाही. यार्डात पोचल्यावर आधी मांडलेल्या फळीपासून चार बोटं जागा सोडून थांबतो, दांडा वर येऊ देतो, आणि फळीच्या दोन्ही पट्ट्या एकाच वेळी जमिनीला टेकतात. एक पट्टी आधी टेकली असती तर फळीला पीळ बसला असता, आणि फळीचा पीळ ब्लॉकच्या तळातून वर चढला असता. शेवटी दाते सरळ मागे काढायचे. इथे घाई केली आणि दाता फळीला अडकला, तर इतका वेळ जपलेला माल शेवटच्या हिसक्यानं जातो.

चाकांचं महत्त्व साध्या गणितातून कळतं. वाटेत एक सेंटिमीटर उंचीचा खडीचा तुकडा पडला आहे. 10 सेंटिमीटर व्यासाचं टणक चाक त्यावरून चढवायला चाकावरच्या भाराच्या तीन-चतुर्थांश इतकं बळ आडवं लावावं लागतं. चाक 40 सेंटिमीटरचं असेल तर एक-तृतीयांश पुरतं. म्हणजे लहान चाक तिथे अडतं, कामगार ढकलतो, गाडी उसळते, आणि कोपरा गेला. स्कूटरची चाकं लावलेल्या ट्रॉल्या आपल्याकडे दिसतात त्या याचसाठी. बजाज चेतकच्या 10 इंची रिमवर टायर चढवला की व्यास 40 सेंटिमीटरच्या पुढे जातो, आत हवा असते, आणि पंक्चर कोणत्याही तालुक्याच्या गावी निघतं. फक्त हवा दगडासारखी टणक भरू नये, आणि दोन्ही चाकांत सारखी असावी. एक चाक बसलेलं असेल तर फळी सगळी वाट तिरकी प्रवास करते.

आणि कोबा. ट्रॉलीवर कितीही खर्च केला तरी खालचा कोबा फुटका असेल तर तो वाया जातो. मशीनपासून यार्डापर्यंतची वाट रोज दोनदा झाडणं हे देखभालीचं काम आहे, स्वच्छतेचं नव्हे. बरेच मालक प्रेससाठी कर्ज काढतात आणि कोबा पुढच्या वर्षावर ढकलतात; हा क्रम उलटा हवा.

ओल्या ब्लॉकच्या वाहतुकीचा प्रश्न ब्लॉकइतकाच जुना आहे. अमेरिकेत हार्मन पामर यांनी दहा वर्षांच्या प्रयोगांनंतर 1900 मध्ये पोकळ ब्लॉकचं पेटंट घेतलं. त्यांचा ब्लॉक 8 × 10 × 30 इंचांचा होता, इतका जड की भिंतीवर चढवायला लहानशी क्रेन लागे. तरीही धंदा झपाट्यानं पसरला. 1905 पर्यंत तिथे सुमारे 1500 कंपन्या ब्लॉक पाडत होत्या असा अंदाज आहे. सीअर्स रोबक कंपनी कॅटलॉगमधून हातानं चालवायची ब्लॉकची मशीन विकत असे, आणि शेतकरी ती मागवून आपल्या घराचे ब्लॉक आपणच पाडत. हाती कामात एका माणसाकडून तासाला साधारण दहा ब्लॉक निघत. मिशिगनमधल्या अल्पेना इथे 1904 मध्ये बेसर बाप-लेकांनी ब्लॉक-मशीनचा कारखाना काढला, आणि पुढे यंत्रांचा वेग वाढत गेला. आजचे मोठे कारखाने तासाला 2000 ब्लॉकपर्यंत जातात. तिथे माणूस फळीला हात लावत नाही. रुळांवरून चालणारी ‘फिंगर कार’ एका वेळी फळ्यांची अख्खी मांडणी आपल्या दात्यांवर उचलून वाफेच्या खोलीत ठेवते. तत्त्व मात्र आपल्या ट्रॉलीचंच: दाते फळीखाली, भार आडवा, ब्लॉकला स्पर्श नाही.

दुसरा रस्ता असा, की ब्लॉक हलवायचाच नाही. एग लेइंग मशीन स्वतः चाकांवर असते. ती कोब्यावर चार-सहा ब्लॉक टाकते, साचा उचलते आणि पुढे सरकते. फळ्या नाहीत, ट्रॉली नाही. पण मग दिवसभराच्या मालाला पुरेल एवढा सपाट कोबा लागतो, आणि पावसाळ्यात तेवढं सगळं झाकायचं कसं, हा प्रश्न उभा राहतो. मातीच्या दाबीव ब्लॉकचं आणखी वेगळं. ऑरोविलच्या ऑरम प्रेससारख्या यंत्रातून निघालेला ब्लॉक मातीतल्या चिकणपणामुळे लगेच दोन्ही तळहातांत धरून नेता येतो. सिमेंट-खडीच्या ब्लॉकला ती सवलत नाही.

महाराष्ट्रात या ट्रॉलीला काम वाढत गेलं त्याला कारणं आहेत. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगड-मातीच्या जाड भिंती आणि धाब्याची जड छपरं माणसांच्या अंगावर आली. लातूर-धाराशिव भागात पुनर्वसनाची जी नवी गावं वसवली गेली, त्यांत सिमेंटच्या ब्लॉकचा वापर झाला. पुढे 14 सप्टेंबर 1999 च्या केंद्राच्या अधिसूचनेनं औष्णिक वीजकेंद्रांतली राख बांधकामात वापरण्याची सक्ती आणली, आणि चंद्रपूर, कोराडी, एकलहरे, दीपनगर, परळी अशा केंद्रांच्या आसपास राखेच्या विटा-ब्लॉकचे कारखाने उभे राहिले. राख मिसळली की माल गुळगुळीत निघतो आणि कालांतरानं ताकदही चांगली येते. पण पहिल्या दिवसांत ती ताकद हळू चढते. म्हणजे ओला ब्लॉक जास्त वेळ नाजूक राहतो, आणि ट्रॉलीवरची जबाबदारी तेवढी वाढते.

फळ्यांचा हिशोबही याच साखळीतला. टाकलेला माल किमान दुसऱ्या दिवसापर्यंत फळीवरून हलवायचा नाही, त्यामुळे दिवसभरात जितक्या फळ्या भरल्या तितक्या अडकून पडतात. मिनिटाला एक फळी या वेगानं आठ तासांत 480 फळ्या होतात. त्या लाकडी असतील तर ओल्या-सुक्यानं वाकतात, आणि वाकलेली फळी ट्रॉलीवर तीनच टेकूंवर बसते. पीव्हीसीची फळी वाकत नाही, पण महाग पडते. काम बिघडल्यावर ट्रॉलीवाल्याला दोष देण्याआधी फळी पालथी घालून सरळ सुतळी ताणून बघावी.

याच हिशोबातून माणसाच्या वाट्याला काय येतं तेही निघतं. यार्डातलं सरासरी अंतर 20 मीटर धरलं तर एका फेरीत जाऊन-येऊन 40 मीटर. 480 फेऱ्यांचे 19 किलोमीटर होतात, त्यातलं निम्मं भरल्या गाडीनं. वाहिलेला माल जवळपास 50 टन. दोन माणसं आळीपाळीनं असली तरी एकेकाच्या वाट्याला 25 टन येतात. यात काम करणारे बरेच जण बाहेरगावाहून, बाहेरच्या राज्यांतून आलेले, आणि मजुरी पुष्कळ ठिकाणी नगावर. नगावर मजुरी दिली की पावलं भराभर पडणारच, आणि भराभर पडलेल्या पावलांनी माल फुटला की तो त्याच माणसाच्या नावावर लागतो. हे सरळ अन्यायाचं आहे. ट्रॉलीवाल्याला दिवसाचा ठरावीक पगार दिला आणि दांड्याची उंची त्याच्या कमरेच्या मापानं ठेवली, तर खर्च फार वाढत नाही आणि फूट कमी झाल्यानं तो भरून निघतो.

घरासाठी ब्लॉक घ्यायला जाणाऱ्यानं प्रयोगशाळेचा दाखला जरूर मागावा. भरीव ब्लॉकच्या 5.0 प्रतीला सरासरी 5 न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर ताकद हवी, हे त्यात दिसेल. पण त्याआधी सकाळी, मशीन चालू असताना, यार्डात जाऊन उभं राहावं. कोबा झाडलेला आहे का, ट्रॉलीची दोन्ही चाकं सारखी फुगलेली आहेत का, फळ्या डुगडुगतात का, ते पाहावं. मग थप्पीतले चार-पाच ब्लॉक निवडून त्यांची उंची दोन्ही टोकांना पट्टीनं मोजावी, खालच्या कडांवरून बोट फिरवावं, आणि दोन ब्लॉक एकमेकांवर हलके आपटून आवाज ऐकावा. अंगात भेग असलेला ब्लॉक बद्द वाजतो.