निर्यास : अंगावर, भिंतीवर व पोथींत

वृक्षाच्या पाझरास संस्कृतांत सामान्यतः ‘निर्यास’ म्हणतात. परंतु या एका शब्दाखालीं भिन्न धर्माचीं द्रव्यें येतात. बाभळीचा डिंक पाण्यांत विरघळतो. शाल वृक्षाची राळ पाण्यास दाद देत नाहीं. ती तापविलेल्या तेलांत मिसळते. खैराचा कात तर निर्यासच नव्हे. तो खैराच्या गाभ्याचा आटविलेला काढा होय. भिवंडीकडील कातकऱ्यांचें नांव त्यावरूनच पडलें.

हा भेद रंगकामांत स्पष्ट दिसतो. ठाणें व पालघर जिल्ह्यांतील वारली लग्नाचा चौक तांदळाच्या पिठानें भिंतीवर लिहितात. पिठांत पाणी व डिंक कालवितात. डिंकामुळें पीठ भिंतीस धरून राहतें. अंगावरील रंगाची गोष्ट निराळी. सातपुड्यांत, नंदुरबार जिल्ह्यांतील काठी येथें होळीच्या व्रतांत ‘बुध्या’ अंगावर राखेचे पांढरे ठिपके काढतात. व्रतान्तीं स्नान करावयाचें असल्यानें तो रंग टिकविण्याचें प्रयोजनच नसतें.

पोथ्यांच्या संग्राहकांस हा विचार अगत्याचा आहे. काजळाच्या शाईंतहि डिंकच घालीत. म्हणून धूळ काढण्यासाठीं ओलें फडकें फिरविल्यास धुळीबरोबर अक्षरहि जातें. एकदां पुसलेला पाठ पुन्हां मिळत नाहीं. सबब आमचें सांगणें एवढेंच कीं, पान मऊ कोरड्या कुंचल्यानें झाडावें, व रंगांतील द्रव्य निश्चित कळेपर्यंत त्यास पाण्याचा थेंबहि लावूं नये.