व्होल्टेज कमी होतं, मग मोटार जळली कशी?

रब्बीत हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायचे दिवस आले की बुलढाणा जिल्ह्यात घाटावर काय नि घाटाखाली काय, लाईन येताच एका डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात. व्होल्टेज पडते, आणि जळालेल्या मोटारी रिवाइंडिंगच्या दुकानात येऊ लागतात. तिथे हमखास कानावर पडणारा प्रश्न असा, "व्होल्टेज तर कमीच होतं, मग जळाली कशी?" प्रश्न रास्त आहे. शाळेत शिकलेला नियमही वरवर पाहता शेतकऱ्याच्याच बाजूचा वाटतो.

तो नियम जर्मनीतल्या जॉर्ज ओहम यांनी १८२७ साली मांडला आणि आपल्याकडे तो नववीच्या ‘धाराविद्युत’ या पाठात येतो. व्होल्टेजला करंटने भागले की रोध निघतो, व्होल्टेजला करंटने गुणले की वॅट. पाणी तापवायचा १५०० वॅटचा रॉड घ्या. २३० व्होल्टवर तो साडेसहा अँपिअर ओढतो, म्हणजे त्याचा रोध सुमारे ३५ ओहम. व्होल्टेज १८० वर आले तर करंट पाच अँपिअरवर येतो आणि वॅट उरतात जेमतेम ९२०. रॉड जळत नाही, पाणी मात्र उशिरा तापते. यावरून काही जण म्हणतात की कमी व्होल्टेजमध्ये बिल वाचते. तसे होत नाही. तेवढेच पाणी तेवढेच गरम करायचे तर रॉड तितका जास्त वेळ चालतो आणि युनिट जवळपास तेवढेच पडतात.

रॉडचा रोध ठरलेला असतो, मोटारीचे तसे नाही. मोटारीवर पंपाचा लोड असतो. विहिरीतून पाणी तेवढ्याच उंचीवर चढवायचे आहे, ते काम व्होल्टेज पडले म्हणून फारसे कमी होत नाही. व्होल्टेज आणि करंट यांच्या गुणाकारातून लागेल ती ताकद मिळवायची असते. एक आकडा घटला की दुसरा वाढवावा लागतो, म्हणून मोटार जास्त करंट ओढते.

पाच एचपीची मोटार पाहू. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट, तेव्हा शाफ्टवर ३७३० वॅट मिळतात. मोटारीतच थोडी वीज उष्णतेत जाते, त्यामुळे लाईनमधून साधारण ४६०० वॅट घ्यावे लागतात. थ्री फेजमध्ये व्होल्ट आणि अँपिअर नुसते गुणून भागत नाही. त्याला १.७३ ने आणि पॉवर फॅक्टरनेही गुणावे लागते. पॉवर फॅक्टर ०.८५ धरला तर ४१५ व्होल्टवर करंट येतो साडेसात अँपिअरच्या आसपास. तीच मोटार ३३० व्होल्टवर साडेनऊच्या घरात जाते. वाढ सव्वापट दिसते, पण वाइंडिंगमधली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे दीडपटीहून अधिक. इन्सुलेशन जळते ते या उष्णतेने. ओव्हरलोड रिले सारखा ट्रिप होतो म्हणून त्याचे सेटिंग वाढवून ठेवणारे हीच उष्णता मोटारीत कोंडतात. टाँग टेस्टर लावून तिन्ही वायरींचा करंट पाहावा आणि नेमप्लेटवरच्या अँपिअरशी ताडून पाहावा. रिवाइंडिंगच्या खर्चापुढे ही तपासणी काहीच नाही.

डीपीवर व्होल्टेज बरे असूनही मोटारीपर्यंत ते पोचत नाही, असेही होते. ४ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या ३०० मीटर वायरीचा रोध जवळपास १.४ ओहम असतो. साडेसात अँपिअरला, थ्री फेजचा १.७३ धरून, वायरीतच अठरा व्होल्ट गळतात. वायर २.५ चौरस मिलिमीटरची असेल तर तीसच्या आसपास. स्वस्त पडते म्हणून बारीक वायर घेतली, तर ही गळती मोटार आहे तोवर चालूच राहते.

वाइंडिंगचा रोध मीटरवर मोजून ४१५ ला त्याने भागायचा प्रयत्न काही जण करतात. चार ओहम आले तर शंभराच्या वर अँपिअर निघतात आणि सूत्रच खोटे वाटते. सूत्र खरे आहे, पण मीटर फक्त तांब्याच्या तारेचा रोध दाखवतो. मोटार फिरू लागली की तिचे बदलते चुंबकीय क्षेत्र करंटला त्याहून कितीतरी मोठा अडथळा करते. सुरू होताना हा अडथळा कमी असतो, म्हणून तेव्हा मोटार नेहमीच्या पाच ते सातपट करंट ओढते. गाळाने पंप अडकला तर तोच करंट टिकून राहतो आणि मोटार जळायला फार वेळ लागत नाही.

सगळ्यात घातक समज फ्यूजबद्दलचा आहे. फ्यूज असली की शॉकची भीती नाही, असे धरून ओल्या हाताने स्टार्टर उघडला जातो. ओल्या अंगाचा रोध हजार ओहमच्या आसपास येऊ शकतो. २३० भागिले १००० म्हणजे पाव अँपिअरही नाही. त्याने १५ अँपिअरची फ्यूज वितळत नाही, माणूस मात्र दगावू शकतो, कारण ३० मिलिअँपिअरच्या वरचा करंटच जिवाला धोकादायक मानतात. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात, शेगाव-संग्रामपूरकडे, खाऱ्या पाण्याने भिजलेली कातडी करंटला आणखी सोपी वाट देते.

अर्थिंगचेही गणित करून पाहा. घाटावर मुरमाड जमिनीत उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला आणि त्याचा रोध वीस ओहम झाला, तर फेज स्टार्टरच्या पत्र्याला लागल्यावर जमिनीत करंट जाईल साडेअकरा अँपिअर. फ्यूज जागची हलणार नाही आणि पत्रा जिवंत राहील. म्हणून त्या खड्ड्यात उन्हाळाभर पाणी टाकत राहावे आणि जाणारा-येणारा करंट ताडून गळती दिसताच लाईन तोडणारा स्विच वायरमनकडून बसवून घ्यावा. फ्यूज वितळण्याआधीच तो सुटतो.