परदेशप्रवासात इंटरनेटची स्वस्त सोय

व्यापार आणि वार्ता यांचे नाते फार जुने आहे. आपल्या बुऱ्हाणपूरच्या तलम वस्त्रांची ख्याती एके काळी समुद्रापलीकडे पोचली होती. इराण, तुर्कस्थान, अरबस्तान व कैरोपर्यंत हा माल जात असे, अशी नोंद सतराव्या शतकातील फ्रेंच व्यापारी ताव्हेर्निये याने करून ठेवली आहे. मात्र माल रवाना झाल्यावर त्याची खुशाली कळण्यास त्या काळी महिनेच्या महिने लागत. वार्तेवाचून व्यापाऱ्याची काय अवस्था होते, हे कविवर बनारसीदास या जैन व्यापाऱ्याने इ. स. १६४१ मध्ये लिहिलेल्या 'अर्धकथानक' या आत्मचरित्रात सांगितले आहे. इ. स. १६०५ मध्ये अकबर बादशहाच्या निधनाची बातमी जौनपुरास पोचताच दुकाने बंद झाली आणि लोकांनी दागिने व रोकड जमिनीत पुरून ठेवली. पुढे आग्र्याहून सर्व काही स्थिरस्थावर असल्याचे पत्र आले, तेव्हा कोठे बाजार पुन्हा उघडला. एका पत्राचे मोल त्या दिवशी साऱ्या शहराला कळले.

इ. स. १८७० मध्ये मुंबई व लंडन समुद्राखालच्या तारेने जोडली गेली आणि महिन्यांचे काम तासांवर आले. परंतु तारेचा आकार शब्दांवर होता, म्हणून पेढ्यांनी सांकेतिक शब्द ठरवून एका शब्दात एका वाक्याचा आशय बसविण्याची युक्ती योजिली. ती तारसेवा आपल्या देशात जुलै २०१३ मध्ये कायमची बंद झाली. आज तिचे काम इंटरनेट करते. मालाचे छायाचित्र, भावाची विचारणा, बँकेचा सांकेतिक अंक, घरची खुशाली हे सारे एकाच मार्गाने येते. मात्र एक गोष्ट आपण विसरलो आहोत. २०१६ नंतर आपल्या देशात इंटरनेट इतके स्वस्त झाले की त्याचे मोजमाप ठेवण्याची सवयच सुटली. तीच बेफिकिरी घेऊन आपण परदेशी गेलो म्हणजे तारेच्या शब्दाप्रमाणे येथेही कणाकणाचे मोल पडते, हे बिल हाती आल्यावर समजते.

आपल्या मंडळातील एका सभासदांचा अनुभव येथे सांगण्याजोगा आहे. ते यंत्रखरेदीसाठी परदेशी गेले होते. निघताना त्यांनी आपल्या कंपनीची छोटी सवलत योजना घेतली. पहिल्याच रात्री, ते निद्रिस्त असता, फोनने दिवसभर काढलेली छायाचित्रे व चित्रफिती आपण होऊन दूरच्या साठ्यात पाठविल्या आणि योजनेतील सर्व डेटा संपून गेला. दुसऱ्या दिवशी यंत्राची विसार रक्कम भरावयाची होती. पेढीकडून आलेला हिशेब त्यांना उघडता येईना आणि इकडे घरच्यांना त्यांचा ठावठिकाणा कळेना. संध्याकाळी उपाहारगृहातील मोफत वाय-फाय मिळाल्यावर बोलणे झाले, तोवर सौदा दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला होता. यात दोष कोणाचाही नव्हता, केवळ माहिती नव्हती. ती माहिती सर्वांस व्हावी, हाच या लेखाचा हेतू आहे.

रोमिंग महाग का पडते?

आपले भारतीय सिमकार्ड परदेशात चालते, त्यास रोमिंग म्हणतात. तेथे आपल्या कंपनीचे मनोरे नसतात, म्हणून ती तेथील कंपनीचे जाळे वापरते व त्याचे भाडे देते. ते भाडे आपल्याकडून वसूल होते. डेटा बहुधा तेथील मनोऱ्यावरून प्रथम आपल्या कंपनीच्या भारतातील केंद्रात येतो व तेथून इंटरनेटवर जातो. कोणतीही योजना न घेता रोमिंगवर डेटा वापरणे म्हणजे किरकोळ भावाने, तेही भाव न विचारता, माल उचलण्यासारखे आहे.

मोजमाप असे आहे : १,०२४ एम.बी. म्हणजे १ जी.बी. लिखित संदेशास नगण्य डेटा लागतो. इंटरनेटवरून केवळ आवाजाने बोलल्यास मिनिटास साधारणतः अर्धा ते एक एम.बी. खर्ची पडतो. समोरासमोर चेहरा पाहत बोलल्यास तोच खर्च कित्येक पटींनी वाढतो, आणि उत्तम दर्जाची चित्रफीत तासभर पाहिल्यास एक जी.बी. किंवा त्याहून अधिक डेटा सहज संपतो. यावरून ध्यानात येईल की व्यापाराचे काम थोडक्या डेटात भागते. खर्च होतो तो बहुतांशी करमणुकीवर आणि फोनच्या आपोआप चालणाऱ्या उद्योगांवर.

चार मार्ग

पहिला मार्ग आपल्याच कंपनीच्या रोमिंग योजनेचा. क्रमांक तोच राहतो, काही बदलावे लागत नाही, आणि दोन-चार दिवसांच्या प्रवासास हा मार्ग सोयीचा असतो. योजना घेण्यापूर्वी तीन प्रश्न अवश्य विचारावेत : आपण जाणार तो देश यादीत आहे काय, मुदत केव्हापासून मोजली जाते, आणि ठरलेला डेटा संपल्यावर सेवा थांबते की ज्यादा आकार लागतो. विमानात व जहाजावर जे जाळे मिळते ते उपग्रहावरून चालते व अतिशय महाग असते. बहुधा ते साध्या योजनेत येत नाही, म्हणून तेथे फोन विमान-स्थितीतच ठेवावा.

दुसरा मार्ग त्या देशात उतरल्यावर तेथील सिमकार्ड विकत घेण्याचा. आठवडाभर किंवा अधिक काळ एकाच देशात राहावयाचे असल्यास हा मार्ग बहुधा सर्वांत स्वस्त पडतो. त्यासाठी बहुधा पारपत्र दाखवावे लागते. विमानतळावरील दुकानापेक्षा शहरातील दुकानात भाव पुष्कळदा कमी असतो, परंतु उतरताच कोणाला निरोप धाडावयाचा असेल तर थोडा ज्यादा आकार देणेही शहाणपणाचे ठरते. आपला फोन कोणत्याही एका कंपनीस बांधलेला नसावा, ही अट आहे.

तिसरा मार्ग ई-सिमचा. यात हातात घ्यावयाचे कार्ड नसते. फोनमध्ये बसविलेल्या चकतीवरच नवा ग्राहक-क्रमांक नोंदविला जातो, आणि त्यासाठी एक चौकोनी नक्षीचे चित्र फोनच्या कॅमेऱ्यास दाखवावे लागते. २०१८ पासूनच्या आयफोनमध्ये व अलीकडील अनेक फोनमध्ये ही सोय आहे. फोनवर *#०६# असे दाबल्यास दिसणाऱ्या क्रमांकांत ई.आय.डी. हा क्रमांक असेल तर फोन ई-सिमयोग्य आहे असे समजावे. ई-सिम फोनमध्ये उतरवून घेण्यास इंटरनेट लागते, म्हणून ते काम घरीच उरकावे. बहुतेक प्रवासी ई-सिमवर केवळ डेटा मिळतो, बोलण्यासाठी वेगळा क्रमांक मिळत नाही. एक सावधगिरी मात्र हवी. परदेशी सिम भारतात विकण्यास दूरसंचार विभागाची अनुमती लागते, आणि अशा अनुमतीच्या प्रश्नावरून जानेवारी २०२४ मध्ये एअरालो व होलाफ्लाय या दोन प्रसिद्ध विक्रेत्यांची अॅप्स येथे रोखण्यात आली होती. यास्तव खरेदीपूर्वी विक्रेत्यास अनुमती आहे की नाही याची चौकशी करावी.

चौथा मार्ग मोफत वाय-फायचा. उपाहारगृहे, निवासगृहे, प्रदर्शनांची सभागृहे व विमानतळ येथे तो मिळतो. काही विमानतळांवर मात्र जोडणीपूर्वी फोनवर सांकेतिक अंक येतो, आणि तो अंक येण्यासाठी चालू क्रमांक लागतो. असा वाय-फाय साठवण व वाचन यांसाठी उत्तम, परंतु बँकेचे व्यवहार त्यावर करू नयेत. जोडणीचे नाव तेथील कर्मचाऱ्यास विचारून घ्यावे, कारण फसविण्यासाठी मिळतेजुळते नाव ठेवण्याचे प्रकार घडतात.

देशपरत्वे भेद

क्वांगचौ येथील मेळा १९५७ पासून भरत आहे, आणि यंत्रे, साचे, सुटे भाग यांच्यासाठी आपल्याकडील अनेक व्यापारी तेथे जातात. चीनमध्ये व्हॉट्सअॅप व गूगल यांच्या सेवा बंद आहेत. तेथील स्थानिक सिम कितीही स्वस्त असले तरी त्यावर घरी संदेश जाणार नाही. परंतु भारतीय सिमचा रोमिंग डेटा आपल्या देशातील केंद्रातून जात असल्याने त्यावर या सेवा सामान्यतः चालतात. अर्थात चीनपुरता महाग दिसणारा पहिला मार्गच पुष्कळदा खरा स्वस्त ठरतो. ई-सिम घ्यावयाचे झाल्यास त्याचा डेटा चीनबाहेरून जातो काय, हे विचारावे.

आखाती देशांशी आपल्या केळीपट्ट्याचा संबंध वाढत आहे. शेजारच्या जळगाव जिल्ह्यातून जून २०२१ मध्ये भौगोलिक मानांकनाची २२ मेट्रिक टन केळी दुबईस गेली. त्या संयुक्त अरब अमिरातींत व्हॉट्सअॅपवर लिखित संदेश जातात, परंतु बोलणे होत नाही. बोलण्यासाठी तेथील सरकारने मान्य केलेलीच अॅप्स वापरावी लागतात. आडवाटेने हे निर्बंध टाळू नयेत, परक्या मुलखात कायद्याशी खेळ परवडणारा नसतो. निघण्यापूर्वी घरच्यांना हे सांगून ठेवले म्हणजे फोन लागला नाही तरी त्यांना चिंता वाटत नाही.

युरोपचा प्रकार निराळा आहे. युरोपीय संघाच्या कायद्याने १५ जून २०१७ पासून संघातील देशांमध्ये रोमिंगचा ज्यादा आकार उठविला, व त्या कायद्याची मुदत पुढे २०३२ पर्यंत वाढविली. म्हणून हिऱ्याच्या व्यापारासाठी अँटवर्पला उतरलेल्या व्यापाऱ्याने बेल्जियममध्ये सिम घेतले तर ते फ्रान्स-जर्मनीतही वाजवी मर्यादेत त्याच दराने चालते. स्वित्झर्लंड व ब्रिटन मात्र या कायद्याच्या कक्षेत नाहीत.

भारतीय क्रमांक जिवंत ठेवावा

स्वस्त सिमच्या मोहाने भारतीय सिम काढून ठेवणे ही मोठी चूक होय. बँकेचा ओ.टी.पी. त्याच क्रमांकावर येतो. दोन सिम बसणाऱ्या फोनमध्ये एकीकडे भारतीय सिम ठेवून त्यावर आंतरराष्ट्रीय रोमिंग सेवा निघण्यापूर्वीच सुरू करून घ्यावी, पण त्या सिमचा डेटा बंद ठेवावा. दुसरीकडे परदेशी सिम किंवा ई-सिम ठेवून डेटा त्यावरून घ्यावा. भारतीय सिमवर येणाऱ्या संदेशास रोमिंगमध्ये सामान्यतः आकार पडत नाही, मात्र येणारा फोन उचलल्यास पडतो, हे विसरू नये. व्हॉट्सअॅप जुन्याच क्रमांकावर चालू राहते. क्रमांक बदलावा काय असे त्याने विचारल्यास नकार द्यावा.

अनर्थदंडाचा त्याग

श्रावकाच्या गुणव्रतांत अनर्थदंड-विरमणव्रत सांगितले आहे. निष्प्रयोजन होणाऱ्या क्रिया टाळाव्यात, असा त्याचा आशय आहे. परदेशात फोनमधून वाहून जाणारा डेटा हा बहुतांशी असाच निष्प्रयोजन व्यय असतो. छायाचित्रांची आपोआप पाठवणी, चित्रफितींचे आपोआप उतरणे आणि अॅप्सचे नूतनीकरण ही तिन्ही कामे केवळ वाय-फायवरच होतील अशी व्यवस्था फोनमध्ये करून ठेवावी. शहराचा नकाशा व भाषांतराचा संच घरच्या वाय-फायवर उतरवून घेतल्यास ते पुढे डेटाविना चालतात. तिकिटे, निवासाचा पत्ता, पारपत्राची प्रत, जैन भोजन मिळणाऱ्या ठिकाणांची नावे, तसेच रात्रिभोजनत्यागाचा नियम असणाऱ्यांनी त्या गावच्या सूर्यास्ताच्या वेळा आधीच उतरवून ठेवाव्यात. दिवसाकाठी डेटा किती खर्चिला, हे फोन स्वतः सांगतो. रात्री रोकडवही मिळविण्याची सवय असलेल्या आपणांस तो आकडा पाहणे जड जाऊ नये.

गुणव्रतांत पहिले दिग्व्रत आहे. दूर जाण्याची मर्यादा आधीच ठरवून घ्यावी, असे ते सांगते. प्रवासाच्या पूर्वसंध्येला कुटुंबासह पाच मिनिटे बसून रोज कोणत्या वेळी संदेश पाठवावयाचा, तो न आल्यास कोणत्या निवासगृहाच्या क्रमांकावर विचारावयाचे आणि पेढीची महत्त्वाची कागदपत्रे कोणाकडे असावयाची, एवढी मर्यादा ठरवून घ्यावी. त्यास एक पैचाही खर्च नाही. आपल्या शाहपुरातून उद्या जे तरुण बंधू-भगिनी व्यापारासाठी दूरदेशी जातील, त्यांच्या घरी वार्तेवाचून कोणासही रात्र जागून काढावी लागू नये, एवढीच इच्छा आहे.

जय जिनेंद्र.