उत्पन्नाचा फरक कोणत्या पायावरून मोजावा?

जमिनीची प्रतवारी आण्यांत मांडण्याची पद्धत जुन्या मुंबई इलाख्यांत चांगलीच मुरलेली होती. गोल्डस्मिड, विंगेट व डेव्हिडसन यांच्या १८४७ च्या संयुक्त अहवालांत उत्तम जमीन सोळा आणे धरून बाकीच्या प्रती तिच्या खालीं लावल्या आहेत. 'आठ आणे' हा आकडा स्वतंत्रपणें कांहींच सांगत नाहीं. सोळा आण्यांची जमीन मनांत धरली तरच त्यास अर्थ येतो. हल्लीं शेतीच्या प्रयोगांचे हिशेब संगणकावर होतात. तेथेंहि हाच प्रश्न उद्भवतो, व तो न ओळखल्यास शेतकऱ्याचें नुकसान होतें.

वाण, पेरणीची तऱ्हा, जमिनीचा प्रकार हीं नांवें आहेत, आकडे नव्हेत. संगणकास मात्र आकडे लागतात. म्हणून कोणी साधी पेरणी १, सरी-वरंबा २, बंदिस्त सरी ३ असें लिहून देतो. ही मोठी चूक होय. नोकरींत असतां एका कारकुनानें जिराईत, बागाईत व भात यांस असेच क्रमांक घालून त्यांची सरासरी काढलेली मीं पाहिली आहे. 'दीड' प्रकारची जमीन कोणत्या गांवीं असते, हें त्यासच ठाऊक!

खरी रीत अशी कीं, एक नांव पाया धरून बाकीच्या प्रत्येकास 'आहे' म्हणजे १ व 'नाहीं' म्हणजे ० असा रकाना द्यावा. न्यूझीलंडमध्यें जन्मलेली 'आर' नामक प्रणाली आपण होऊन वर्णानुक्रमांत पहिलें येणारें नांव पाया धरते. त्यांत शास्त्र कांहीं नाहीं, केवळ अक्षरांचा योग.

समजण्यापुरते आकडे घेऊं. रब्बी ज्वारी हेक्टरीं साध्या पेरणीनें ६, सरी-वरंब्यानें ८ व बंदिस्त सरीनें १० क्विंटल आली. साधी पेरणी पाया धरल्यास कोष्टकांत ६ व त्याखालीं अधिक २, अधिक ४ येतील. तिहींच्या सरासरीपासून फरक काढल्यास मात्र ८, व त्याखालीं उणे २ आणि शून्य. सरी-वरंब्यापुढें शून्य! दोन क्विंटल अधिक देणारी रीत निरुपयोगी म्हणून टाकणारा शेतकरी मूर्ख नव्हे. त्यास पाया कोणीं सांगितलाच नाहीं. शिवाय या दुसऱ्या रीतींत शेवटच्या नांवाचा आकडा छापलाच जात नाहीं. वरच्या फरकांची बेरीज करून चिन्ह उलटें केलें, म्हणजे तो मिळतो.

सोलापुरास १९३३ पासून कोरडवाहू शेतीचें संशोधन चालू आहे. येथील शेतकऱ्याचा प्रश्न बहुधा एकच असतो: माझ्या चालू रीतीपेक्षां किती अधिक? सबब चालू रीतच पाया धरावी. उथळ, मध्यम, खोल अशा चढत्या प्रती असल्यास प्रत्येक पायरीची तुलना लगतच्या पायरीशीं करणें अधिक सोयीचें. पाया बदलण्यास 'आर'मध्यें एक ओळ पुरते; त्यानें अंदाजी उत्पन्न तिळमात्र बदलत नाहीं, बदलतो तो छापलेला फरक.