तळ्याकाठच्या झाडांची नोंद

पूर्व विदर्भातील मालगुजारी तलाव हे आपल्या शेतीचे जुने वैभव होय. 1951 मध्ये मालगुजारी संपुष्टात आली. तलाव मात्र आजही धानाला पाणी पुरवितात. पाणी ज्या बाजूने तलावात येते, त्या काठावरील अर्जुन, जांभूळ, करंज इत्यादी झाडे माती धरून ठेवतात व गाळास आळा घालतात. परंतु मोठ्या झाडांखाली रोपटी उरली नसतील, तर आजची झाडे वठल्यावर काठ उघडा पडेल. रोपटी खाण्याचा दोष कोणी चितळांना देतो, कोणी रोह्यांना, तर कोणी गुरांना. केवळ तर्कावर उपाय योजू नये.

स्कॉटलंडमधील नॅपडेल येथे 2009 साली नॉर्वेहून आणलेले बीव्हर सोडण्यात आले. झाडे कुरतडून पाडणारा हा पाणप्राणी तेथून शेकडो वर्षांपूर्वी नाहीसा झाला होता. पडलेली झाडे पाहून घाईने निष्कर्ष न काढता, काठावरील ठरावीक जागांची पाच वर्षे तपासणी करण्यात आली. अनेक खुंटांना धुमारे फुटले. ते हरणांपासून वाचतील काय, हा पुढील प्रश्न ठरला.

आपणही हीच रीत अवलंबावी.

1. पूर्ण भरलेल्या तलावाच्या पाणरेषेच्या वर, सारख्या जमिनीचे 10 मीटर लांब व 10 मीटर रुंद असे दोन तुकडे निवडावेत. एकास उंच व दाट काटेरी कुंपण करावे. दुसरा मोकळा ठेवावा.

2. प्रत्येक रोपट्यास क्रमांक देऊन त्याची उंची वहीत लिहावी. ऑक्टोबर, फेब्रुवारी व मे महिन्यांत तीच रोपटी पुन्हा मोजावीत.

3. खाल्लेला शेंडा नीट पाहावा. ससा तो तिरपा व स्वच्छ कापतो. गुरे, चितळ व रोही यांना वरचे पुढचे दात नसल्याने ती शेंडा ओढून तोडतात. म्हणून टोक फाटलेले दिसते. यांतील नेमके कोण, हे खुरांच्या ठशांवरून आणि शेण किंवा लेंड्यांवरून ओळखावे.

दोन्ही तुकड्यांतील रोपटी मेली, तर दोष बहुधा जमिनीचा वा ओलाव्याचा असतो. केवळ मोकळ्या तुकड्यातील गेली व खुणा गुरांच्या असल्या, तर ग्रामसभेत चराईबंदी ठरवावी. वन्य प्राण्यांच्या असल्या, तर रोपट्यांना कुंपण करावे. वहीतील नोंद हाताशी असली, म्हणजे वाद मिटतो व श्रम योग्य ठिकाणी लागतात.