गलगंड, अर्बुद आणि देशोदेशीचे आकडे

मंडणगड तालुक्यातील घरोघरची माणसे चाकरीनिमित्त मुंबईस असतात. सणासुदीस चाकरमानी गावी आले की त्यांच्याबरोबर तेथील सोनोग्राफीचे अहवालही चिकित्सालयात येतात. ‘थायरॉईडमध्ये ६ मिलिमीटरची गाठ’ एवढे वाचून हादरलेली रुग्णा समोर बसते, आणि दोन वर्षे वाढत चाललेली मानेची गाठ लेपाखाली झाकणारी वृद्धाही तेथेच येते. दोघींना एकच उत्तर देता येत नाही.

दक्षिण कोरियात १९९९ मध्ये राष्ट्रीय कर्करोग तपासणी योजना सुरू झाली. थायरॉईडची सोनोग्राफी त्या योजनेत नव्हती. परंतु रुग्णालये ती अल्प मूल्यात जोडून देऊ लागली. परिणामी २०११ मध्ये या कर्करोगाच्या निदानाचे प्रमाण १९९३ च्या १५ पट झाले. मृत्यूचे प्रमाण मात्र जसेच्या तसे राहिले! वस्तुतः रोग वाढला नव्हता, शोध वाढला होता. फिनलंडमधील शवविच्छेदनांत अन्य कारणांनी मृत झालेल्या सुमारे एकतृतीयांश व्यक्तींत या कर्करोगाचे सूक्ष्म केंद्र आढळले होते, हे येथे ध्यानात घ्यावे. अनावश्यक शस्त्रकर्माचे मोल कोरियातील रुग्णांनी दिले: काहींचा स्वर बिघडला, अनेकांना आयुष्यभर कॅल्शियम घ्यावे लागले.

आपल्या देशातही हेच अंतर दिसते. तिरुवनंतपुरमच्या नोंदणीत स्त्रियांमधील प्रमाण १९८७ पासून चालू असलेल्या बार्शीच्या ग्रामीण नोंदणीपेक्षा अनेक पटींनी अधिक आहे. केरळच्या किनाऱ्यावरील किरणोत्सारी वाळूकडे बोट दाखविण्याचा मोह होतो. तथापि अभ्यासकांनी अतिनिदानाचाच भाग मोठा मानला आहे. उलटपक्षी, जेथे यंत्र नाही तेथे आकडा लहान दिसतो. म्हणून तेथे रोग नाही असे म्हणता येत नाही.

प्रसाराविषयीही भेद जाणावा. सर्वाधिक आढळणारा पॅपिलरी प्रकार मानेतील लसग्रंथींत जातो व बहुधा मंदगती असतो. फॉलिक्युलर प्रकार रक्तमार्गे फुप्फुस व अस्थींत पोहोचतो. आयोडीनन्यून प्रदेशांत त्याचे सापेक्ष प्रमाण अधिक असते. ॲनाप्लास्टिक प्रकार विरळ, पण अत्यंत घातक.

सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या अकराव्या अध्यायात ग्रंथी, अपची, अर्बुद व गलगंड यांचा एकत्र विचार केला, आणि कष्टश्वास, भिन्नस्वर, क्षीणता व वर्षापेक्षा जुनी व्याधी असलेला गलगंड वर्ज्य सांगितला. ही लक्षणे दिसण्याची वाट पाहणे हे वैद्याचे काम नव्हे. कठीण, स्थिर, वेगाने वाढणारी गाठ, मानेतील लसग्रंथी किंवा घोगरा आवाज असल्यास सुईने पेशी तपासणी प्रथम. कांचनार गुग्गुळ नंतर. ६ मिलिमीटरच्या निरुपद्रवी दिसणाऱ्या गाठीस मात्र सहसा सुईही लागत नाही. जपानात कोबे येथे तर १९९३ पासून, पेशी तपासणीत कर्करोग ठरलेल्या अल्पधोक्याच्या सूक्ष्म गाठीही शस्त्रकर्माविना केवळ नियमित सोनोग्राफीने निरीक्षणाखाली ठेवल्या जातात, आणि त्यांतील बहुसंख्य वर्षानुवर्षे वाढत नाहीत.